चार फोन, रेंज शून्य

नेवाडातल्या कॅम्पग्राउंडवर आज आमच्या आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, चार फोन होते. रेंज एकालाही नाही.

शेजारच्या आरव्हीतल्या आजी मात्र खुर्ची टाकून नातवाशी निवांत व्हिडिओ कॉलवर. फोन जुनाच, काचेला तडा गेलेला. मी विचारलं, कुठला महागडा प्लॅन घेतलाय? हसल्या. म्हणाल्या, "स्वस्तातलाच आहे. पण मी आधी माझ्या रस्त्यावर रेंज कुणाची ते बघितलं, मग किंमत."

त्यांच्या फोनमध्ये एक नेहमीचं सिम आणि दुसऱ्या नेटवर्कचं प्रीपेड ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम. लागेल तेव्हाच रिचार्ज. आम्ही चौघं एकाच फॅमिली प्लॅनवर, म्हणजे बुडालो तर सगळे एकदम!

अमेरिकेत मोठी नेटवर्क तीनच: व्हेरायझन, एटी अँड टी, टी-मोबाइल. स्वस्त ब्रँड बहुतेक यांच्याच टॉवरवर चालतात. गर्दी झाली की त्यांचा वेग बहुतेकदा आधी उतरतो, एवढंच. वाळवंटात गर्दी कुठली?

आणि आमच्या 'अनलिमिटेड'मध्ये हॉटस्पॉटला मर्यादा आहे, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं. ते मी आज वाचलं. गावात आल्यावर. रेंज मिळाल्यावर.

दुसरं सिम तुम्ही कुठल्या नेटवर्कचं ठेवता?