कोबा गरम, बोका बाहेर

डिसेंबरात निफाडला मळ्यावर होतो, पहाटे साडेपाचला मोटर चालू करायला उठलो तर आमचा बोका घराच्या मागच्या भिंतीला, प्लिंथला म्हणजे जोत्याला चिकटून झोपलेला. चुलीची राख कोमट होती, गोठ्यात कडबा होता, तिकडे जायचं सोडून इथे कशाला पडलाय कळेना. दुसऱ्या दिवशी पण तिथेच. तिसऱ्या दिवशी वाकून प्लिंथला हात लावला नि ट्यूब पेटली, प्लिंथ चक्क कोमट! बाहेर पारा 7 च्या आसपास आणि माझं सोलरचं गरम पाणी बोक्याची पाठ शेकत होतं.

आता हे गरम पाणी जमिनीत कुठून आलं ते सांगतो. आम्ही राहतो नाशिकला पाथर्डी फाट्यावर, पण आईला मळा सुटत नाही, आणि निफाडची थंडी माहीतच आहे, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात लोक. आईचे गुडघे थंडीत धरतात. हीटर लावला की तिचा घसा कोरडा पडतो, परत वरची हवा गरम नि पाय गार ते गारच. म्हणून गेल्या वर्षी तिच्या 12 बाय 14 च्या खोलीची फरशी काढली, सोलिंग म्हणजे दगडांचा थर, त्यावर पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट, त्यावर 50 एमएमचा एक्सपीएस बोर्ड, म्हणजे ऊब अडवणारा घट्ट फोम, त्यावर 16 एमएमचे प्लास्टिकचे पाईप सहा-सहा इंचावर वळवून टाकले आणि वर 4 इंच कोबा, म्हणजे काँक्रीटची जमीन. पाणी 200 लिटरच्या सोलरचं, एक छोटा पंप, मिक्सिंग व्हॉल्व्हने 40 च्या वर जाऊ द्यायचं नाही. पायाखाली 28-29 मिळालं की बास, त्याच्या वर गेलं की तळपाय जळजळतात. ‘नाशिकला कुठे रे फरशी तापवतात’ असं सगळे नातेवाईक हसले, हसू देत.

पण पहिल्या हिवाळ्यात रात्री एकलाच लादी गार. हिशोब करून बघितला, टाकीतलं पाणी 55 वरून 35 वर येईपर्यंत साधारण साडेचार युनिट ऊर्जा देतं. म्हणजे हीटरच्या मानाने काही फार नाही, त्यामुळे त्यातली गळती परवडत नाही. मी आपला ऊब खालून जातेय खालून जातेय म्हणून पीसीसीला नि मिस्त्रीला दोष देत बसलो. खरं तर विहिरीवर आयुष्य गेलेल्या माणसाला हे कळायला पाहिजे होतं. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं ना? म्हणजे खालची जमीन थंड नाहीच. कोबा 30 असेल तर खालच्या मातीत नि त्याच्यात थोड्याच डिग्रीचा फरक, बाहेरच्या हवेत नि त्याच्यात मात्र 23 चा! कडेचं क्षेत्रफळ बघाल तर जमिनीच्या जेमतेम दहावा हिस्सा, पण कोबा थेट प्लिंथला भिडवून ओतलेला, मध्ये काहीच नाही, आणि काँक्रीटमधून उष्णता एक्सपीएसच्या चाळीस-पन्नास पट सहज पळते. मी खाली दोन इंचाची गादी घातली नि चारी बाजू उघड्या ठेवल्या. गोधडी अंथरायची नि पांघरायला काही नाही, तसलं.

आमच्या अंबडच्या कंपनीशेजारी कोल्ड स्टोअरचे पफ पॅनल, म्हणजे आत फोम भरलेल्या भिंती, बसवणारे एक दादा आहेत, त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘भाऊ, आमच्याकडे पण गारवा कधी मधून जात नाही, जॉइंटमधूनच जातो.’

थंड देशात कोबा जमिनीच्या लेव्हलला असतो आणि तिथली जमीन गोठते, म्हणून कडेचा बोर्ड दोन-दोन, चार-चार फूट खाली नेतात. आपल्याकडे जमीन गोठायचा प्रश्न नाही, पण प्लिंथ दीड फूट वर उचललेली, ती पूर्ण बाजू वाऱ्यावर. म्हणून मी फरशीच्या लेव्हलपासून जमिनीत अर्धा फूट, असा दोन फुटी बोर्ड बाहेरून लावायचं ठरवलं. पॅकिंगचा थर्माकोल घेऊ नका हां, काळ्या मातीला लागून ओला होतो नि दबतो पण.

आता गाढवपणा ऐका. बोर्ड चिकटवायला घरात पडलेलं पिवळं रबर सोल्युशन घेतलं, सनमायकाला लावतात ते. भरपूर लावलं, पाच मिनिटांनी बघतो तर बोर्डाला चाळणीसारखी भोकं, कडा वितळून गुळाच्या पाकासारख्या ओघळलेल्या. त्यातल्या सॉल्व्हंटला हा फोम टिकतच नाही. एक अख्खी शीट गेली. मग टाईल ॲढेसिव्ह लावलं, वरून कोंबडी जाळी नि प्लास्टर, कारण उघडा ठेवला तर उन्हाने त्याचा भुगा होतो.

आणि वाळवी! ती फोम खात नाही पण पोखरून आतल्या आत थेट चौकटीपर्यंत चढते, आणि वर प्लास्टर असल्यामुळे आपल्याला दिसत पण नाही. म्हणून खाली औषध मारून घेतलं आणि बोर्डाच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीत खाच मारून बाहेर दुमडली, वाळवीला वर जायचं तर पट्टीला वळसा घालून मातीची नळी काढावी लागेल, ती डोळ्याला दिसते. हे काम मिस्त्रीला तीनदा समजावलं, चौथ्यांदा स्वतः केलं.

आता लादी पहाटे चारपर्यंत कोमट राहते. बोका दोन दिवस मागच्या भिंतीला जाऊन बसला, प्लास्टर हुंगलं नि निघून गेला.

एक जागा राहिलीच पण. दारात. मिस्त्रीने ‘जॉइंट नको’ म्हणून खोलीचा कोबा नि बाहेरचा ओटा एकदमच ओतलेला, म्हणजे सगळी ऊब उंबऱ्याखालून सरळ ओट्यावर. इलाज एकच, उंबरा उचलायचा, ग्राइंडरने खाली एक इंचाची चीर मारायची आणि बोर्डाची पट्टी घालायची. ग्राइंडर आणला, वायर जोडली, तर आई समोर येऊन उभी, ‘उंबऱ्याला मशीन लावायचं नाही सांगून ठेवते, तुझ्या बापाने पूजा करून बसवलाय.’

वायर गुंडाळून ठेवली. सकाळी बघितलं तर आई ओट्यावर उंबऱ्याला टेकून मेथी निवडत बसलेली, आणि बोका तिच्या पदरावर.