भाषण येतं, मागता येत नाही

शुक्रवार, रात्री

आज कॉलेजात पुन्हा तीच आकृती. प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, प्रतिसाद, आणि मधे नागमोडी रेघ काढून ‘अडथळा’. सरांनी फळ्यावर चौकटी काढल्या, आम्ही वहीत उतरवल्या. बिझनेस कम्युनिकेशनच्या पेपरात हा प्रश्न हमखास पडतो, त्यामुळे वर्गात कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र ही आकृती आली कुठून ते बघावंसं वाटलं. मुळात ती क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाच्या १९४८ च्या लेखातली. ते बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत कामाला होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न होता, संदेश न बिघडता पलीकडे कसा पोचवायचा. संदेशाच्या अर्थाचा या प्रश्नाशी संबंध नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच लिहून टाकलंय. ‘प्रतिसाद’ची चौकट नंतरच्या लोकांनी जोडली. म्हणजे ज्यांनी अर्थ मुद्दाम बाजूला ठेवला त्यांची आकृती आम्ही ‘माणसं एकमेकांना कशी समजतात’ या धड्यात गिरवतोय. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, “छान आहे, पण परीक्षेला एवढं नको.” त्यांचंही खरं आहे, पोर्शन संपवायचा आहे.

दुपारी उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, गेले. कॉलेज सुटलं की मी तिथल्या एका छोट्या फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंटच्या काकांच्या हाताखाली असते. फाउंड्री म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना; आमच्याकडे पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, होतात. ऑफिसच्या भिंतीला लागूनच फेटलिंग चालतं, म्हणजे ओतून निघालेल्या नगांच्या कडा ग्राइंडरवर घासायचं काम. फोन वाजला की काका एक कान बोटाने बंद करतात आणि ओरडून बोलतात. पलीकडच्याला वाटतं बेळगावची माणसं कायम भांडतच असतात.

त्या ऑफिसात एका दुपारी किती भाषा बोलल्या जातात ते बघण्यासारखं आहे. ट्रान्सपोर्टवाल्याशी कन्नड, भट्टीवरच्या बिहारी पोरांशी हिंदी, मालकांशी मराठी, पोर्टलवर इंग्रजी. काका एका दमात “हौद्री, नाळे गाडी कळसतीनी” म्हणून फोन ठेवतात आणि वळून मला म्हणतात, “ई-वे बिल काढ गे लवकर, पन्नास हजाराच्या वरचा माल आहे.” (ई-वे बिल म्हणजे माल गाडीतून न्यायला सरकारी पोर्टलवर काढायचा कागद.) कन्नड की मराठी हा वाद एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, होतो, पेपरात होतो, अधूनमधून बसच्या काचांवरही होतो. गाडी भरायची वेळ आली की कुणी भाषा विचारत नाही. ज्याच्या हातात काम अडकलंय त्याच्या भाषेत बोलायचं, एवढंच. कॉलेजात या कौशल्याला एकसुद्धा मार्क नाही.

रविवार

आज गावात, कडोलीत. अण्णांबरोबर रानात गेले होते, येताना डोक्यात एकच विषय.

आमच्या भागात बोलायला कुणी कमी नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, मांडवात गर्दी होते, सीमाभागाचा ठराव होतो. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धा म्हणजे आमचा सणच. ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरू व्हायचं, मधे एक ओवी, एक शेर, शेवटी आवाज चढवून टाळी घ्यायची. मीही ढाली आणल्यात, कपाटावर आहेत. आम्हाला भाषण येतं. मागता मात्र येत नाही.

अण्णांचंच बघा. भजनी मंडळात निरूपणाला उभे राहिले तर तासभर हलू देत नाहीत. तेच अण्णा रताळ्याच्या हंगामात मार्केट यार्डात अडत्यासमोर उभे असतात तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही. पट्टी हातात पडते, वजन, दर, हमाली, गाडीभाडं, आणि खाली उरलेली रक्कम. एखादा आकडा खटकला तर घरी येऊन आईला सांगतील, त्याला विचारणार नाहीत. “इतक्या वर्षांचा संबंध आहे, बरं दिसत नाही.” आई याच्या उलट. ती भाजी घेऊन शहरात बसते. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणते, “किती पाहिजे, किती देणार, तेवढं बोल की. बाकीचं घरचं घरी.” माझ्या मते आमच्या घरातलं खरं बिझनेस कम्युनिकेशन आईचं आहे. अण्णांना हे सांगायची सोय नाही.

मला वाटतं आमचं दुखणं इंग्रजी कच्चं असण्याचं नाहीच. कॉलेजात सगळे तिथेच बोट ठेवतात, आणि मग टिळकवाडीत स्पोकन इंग्लिशच्या क्लासना गर्दी होते. पण समोरच्याने नेमकं काय करावं अशी आपली इच्छा आहे, हे आधी स्वतःशी ठरवणं आणि मग लाज न धरता सांगणं, हे मराठीतही जमत नसेल तर इंग्रजीत कुठून येणार? आमचे नमुना अर्ज काढून बघा. ‘सविनय विनंती’, ‘कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी’. कोणती कार्यवाही, कुणी, कधीपर्यंत, याचा पत्ताच नाही. इंग्रजीतल्या ‘काइंडली डू द नीडफुल’चीही तीच गत.

मंगळवार

आज मजा आली. मार्चअखेर जवळ आलीय, त्यामुळे ऑफिसात एकच विषय, उधारी. पुण्याजवळच्या भोसरीच्या एका पार्टीकडे, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीकडे, तीन बिलं थकलीत, सगळ्यात जुनं डिसेंबरचं. फाइलमध्ये आधी पाठवलेल्या स्मरणपत्रांची थप्पी आहे. सगळी एकाच साच्यातली: ‘वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की’ धाटणीचं इंग्रजी, खाली सही. उत्तर एकालाही नाही. कॉलेजच्या हिशेबाने बघितलं तर त्या पत्रांना पैकीच्या पैकी मार्क. पत्ता उजवीकडे, तारीख जागेवर, विषय अधोरेखित, भाषा अदबीची.

काका म्हणाले, “पत्राबित्राने काय होत नाही. मी उद्या फोन लावतो.” मालक म्हणाले, “कडक लिहा, कायदा दाखवा.” मी म्हटलं, आधी मला एक फोन करू द्या, पण पर्चेसच्या साहेबांना नको, त्यांच्या अकाउंटला.

पर्चेसचे साहेब गोड बोलतात. “झालंच समजा” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण पैसे त्यांच्या हातात नसतातच. अकाउंटला एक मुलगी होती, माझ्याच वयाची असावी. “बेळगावहून बोलतेय” म्हटल्यावर हसली, म्हणाली, “हो, ‘की’ ऐकून कळलंच.” (पुण्याकडच्यांना आमच्या वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘की’ची भारी गंमत वाटते. वाटू दे.) मी पैसे मागितलेच नाहीत. विचारलं, “आमची तिन्ही बिलं तुमच्या टेबलावर आलीत काय, का मधे कुठे थांबलीत?” तिने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, दोन आलीत, डिसेंबरचं आलेलं नाही. त्याची जीआरएन झालेली नाही. म्हणजे माल स्टोअरमध्ये उतरला, पण मिळाला अशी नोंदच पडली नाही. कारण त्या गाडीबरोबर मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट नव्हतं. स्टोअरवाल्याने बाजूला ठेवलं आणि विसरला. तोपर्यंत आम्ही पत्रांवर पत्रं पाठवतोय, तेही अशा माणसाला ज्याला यातलं काहीच माहीत नाही.

सर्टिफिकेट आमच्याच कपाटात होतं.

मग मेल लिहायला बसले. विषयाच्या ओळीत बिल नंबर, रक्कम आणि तारीख, बस्स. ‘रिमाइंडर’ हा शब्द घातला नाही. तो दिसला की माणूस मेल उघडतच नाही. मेल अकाउंटला, प्रत स्टोअर आणि पर्चेसला, म्हणजे कुणाला ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणता येऊ नये. पहिलं वाक्य, सर्टिफिकेट सोबत जोडलंय, जीआरएन आज-उद्यात करून घ्यावी. दुसरं, बाकी दोन बिलांची मुदत कधी संपली ती तारीख. तिसऱ्या वाक्यावर आमच्या तिघांत अर्धा तास गेला.

प्रकरण असं. आमची फाउंड्री उद्यम नोंदणी असलेली लघुउद्योग आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराने माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे; करार नसेल तर १५ दिवसांत. पार्टीच्या ऑर्डरवर साठ दिवस छापलंय, पण कायद्यापुढे ते टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर कायद्यात एक नवी तरतूद आलीय. लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. म्हणून मार्चमध्ये आमच्यासारख्यांचे फोन अचानक उचलले जातात.

मालकांना हे सगळं ठणकावून लिहायचं होतं. काका म्हणाले, “व्याजाचं नाव काढलंस तर पार्टी तुटंल गे. कोल्हापुरात फाउंड्र्या काय कमी हाईत?” दोघांचंही खरं होतं. मी वाक्य फिरवलं: ‘रक्कम ३१ मार्चच्या आत जमा झाल्यास आपल्या या वर्षीच्या करहिशेबातही अडचण येणार नाही.’ कायद्याचं नाव नाही, व्याज नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि अकाउंटवाल्याला तर पहिल्या वाचनातच कळतं. मालकांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, “बरं, घाल.” काकांनी ‘आपल्या’च्या जागी आणखी अदबीचं काहीतरी घालायला सांगितलं, ते मी ऐकलं नाही.

मेल गेल्यावर काकांनी स्वतःहून भोसरीला फोन लावला, “मेल पोचला काय बघा हो जरा.” त्यांचा नियम ठरलेला आहे: आधी फोन, मग मेल, मग परत फोन. नुसत्या फोनचा पुरावा राहत नाही आणि नुसता मेल कुणी वाचत नाही. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. बिलबुकात कार्बन घालून तीन प्रती काढायच्या काळापासून ते हेच करत आलेत. तेव्हा मेलच्या जागी बिल्टीबरोबर बंद पाकीट जायचं.

गुरुवार, उशिरा

कॉलेजात प्रेझेंटेशन. विषय ‘प्रभावी संवादाचे सात सी’, म्हणजे इंग्रजी ‘सी’ने सुरू होणारे सात गुण. आमच्या गटातल्या एकाने स्लाइडवर सातही लिहून वाचून दाखवले. स्पष्टता हवी, नेमकेपणा हवा, सौजन्य हवं. मी माझ्या वाट्याच्या वेळात आधीच्या स्मरणपत्रातला मजकूर आणि परवाच्या मेलचा मजकूर नावं झाकून शेजारी शेजारी लावला आणि विचारलं, यातलं कुठलं पत्र मिळाल्यावर तुम्ही उठून काहीतरी कराल? वर्गात पहिल्यांदाच वाद झाला. मागच्या बाकावरची खानापूरची मैत्रीण म्हणाली, दुसऱ्यात सौजन्य कमी आहे. तिचं मला अजून नीट पटलेलं नाही. चारच ओळी वाचायला लावून दुसऱ्याचा वेळ वाचवणं हेच मोठं सौजन्य, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “तू पैसे मागायलीस म्हणून तुला तसं वाटतंय. ज्याच्याकडनं मागायलीस त्याला विचार की.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर खूष दिसले, पण फॉरमॅटचे मार्क कापलेच.

शनिवार

भोसरीहून दोन बिलं जमा झाली. डिसेंबरचं अर्धवट आलंय. त्यांच्या क्वालिटीने काही नगांत ब्लो होल निघाले म्हणून डेबिट नोट मारलीय, म्हणजे तेवढी रक्कम कापून घेतल्याचा कागद पाठवलाय. ब्लो होल म्हणजे ओतताना आत वायू अडकून राहिलेली पोकळी. वरून नग साबूत दिसतो, मशिनिंगला घेतला की उघडा पडतो. दोष भट्टीचा, साच्यातल्या ओलाव्याचा की आणखी कशाचा, हे ठरवायचं तर नगावरचा हीट नंबर लागतो. त्यावरून तो कुठल्या ओतणीचा ते कळतं. डेबिट नोटमध्ये तो नाहीच, नुसती रक्कम आहे.

मालक म्हणतात, फोटो आल्याशिवाय एक पैसा सोडायचा नाही. काका म्हणतात, थोडक्या नगांचा प्रश्न आहे, सोडून दे, एप्रिलची ऑर्डर धर. मला काकांचं पटतंय. पण फोटो मी मागणारच, कारण पुढच्या ओतणीत तेच झालं तर भट्टीवरच्यांना दाखवायला हातात काहीतरी पाहिजे. सोमवारी त्यांच्या क्वालिटीला मेल: हीट नंबर दिसेल असा फोटो, नगांची संख्या, आणि नग परत पाठवणार की तिथेच भंगारात घालणार, एवढं बुधवारपर्यंत कळवावं. त्याआधी अकाउंटच्या मुलीला फोन करून क्वालिटीत नेमकं कोण बघतं ते नाव विचारून घ्यायचं.