तुम्ही विचारलंत म्हणून: सारख्या त्या बर्फातल्या मर्डर सिरीज का?

स्वीडन-डेन्मार्ककडच्या त्या सिरीज तुम्ही एवढ्या का बघता, नुसता अंधार, बर्फ आणि कोणी धड हसत पण नाही, हे इतके जण विचारतात की एकदाचं लिहूनच टाकते. खून कोणी केला यात मला फारसा इंटरेस्ट नसतो. बॉर्डरपलीकडून आलेल्या माणसाला सिरीज कुठे बसवते, संशयिताच्या खुर्चीत की तपास करणाऱ्याच्या शेजारी, ते मी बघते.

'द ब्रिज'च घ्या, 2011 ची. स्वीडनचं माल्मो आणि डेन्मार्कचं कोपनहेगन जोडणाऱ्या पुलावर, बरोब्बर सीमेवर एक बाई मरून पडलेली, उचलायला जातात तर दोन तुकडे, आणि तेही दोन वेगळ्या बायकांचे, वरचा स्वीडिश राजकारणी बाईचा, खालचा डॅनिश वेश्येचा. मग केस कोणाची? दोघांची! म्हणून नियम म्हणजे नियम वाली सागा आणि सगळं चालवून घेणारा मार्टिन, दोघेही पोलीस, एकत्र कामाला लागतात, ती स्वीडिश बोलते, तो डॅनिश, आणि चाललंय. हाच फॉर्म्युला 2013 मध्ये अमेरिका-मेक्सिको बॉर्डरवर गेला, इंग्लंड-फ्रान्सच्या बोगद्यातही गेला. पण मूळ सिरीजमधले शेजारी एकमेकांना जवळजवळ ओळखतात, आणि त्या 'जवळजवळ'मध्येच खरी धमाल आहे. पुढे 2016 च्या जानेवारीत स्वीडनने खरोखरच डेन्मार्कमधून येणाऱ्यांची ओळखपत्रं तपासायला सुरुवात केली, आणि 2018 चा शेवटचा सीझन सुरू होतो तो डॅनिश इमिग्रेशनच्या मोठ्या अधिकारी बाईला दगडांनी ठेचून मारण्यापासून. टीव्हीवाले झोपलेले नव्हते.

'मिडनाइट सन'मध्ये तर सीमा देशाच्या आतच आहे. खाणीमुळे अख्खं शहर हलवायला लागलंय त्या उत्तर स्वीडनमधल्या किरुनामध्ये एक फ्रेंच माणूस हेलिकॉप्टरच्या पात्याला बांधलेला सापडतो (हो, पातं फिरवतात), पॅरिसहून काहिना नावाची अधिकारी येते, आणि हळूहळू कळतं की स्वीडिश आणि सामी (तिथले मूळ रहिवासी) लोकांमधलं अंतर तिच्या प्रवासापेक्षा मोठं आहे.

फिनलंडची 'बॉर्डरटाउन' मात्र मला अर्धीच पटते. रशियाच्या सीमेजवळचं लापेनरान्ता, तिथे काही वाईट झालं की वास पलीकडूनच येणार, हा आळशीपणा आहे. पण त्याच सिरीजमध्ये लेना आहे, आधी एफएसबी या रशियन सुरक्षा-गुप्तचर यंत्रणेत असलेली, नंतर फिनिश टीममध्ये आलेली, आणि ती फ्रेममध्ये असली की मी फोन बाजूला ठेवते. सुरुवात 'ब्रिज'पासून करा, सबटायटल लावून, डब केलेलं अजिबात नको.