बाविसाव्या आठवड्यातला आकडा

नवव्या आठवड्यात नौपाड्यातल्या दवाखान्यात नाव घातले, तेव्हा माझे बीपी ११८/७६ होते. बाविसाव्या आठवड्यात ते १०२/६४ वर उतरले, तेव्हा सासूबाईंना तो अशक्तपणा वाटला आणि त्या मला रोज मीठ घातलेले लिंबाचे सरबत देऊ लागल्या. डॉक्टरबाईंनी मात्र हे अपेक्षितच असल्याचे सांगितले. गरोदरपणात रक्तातील द्रव जवळपास निम्म्याने वाढतो आणि हृदय दर मिनिटाला ३० ते ५० टक्के अधिक रक्त ढकलते, म्हणजे खरे तर दाब वाढायला हवा. पण रक्तवाहिन्या त्याहून अधिक सैलावतात आणि त्यांना आवळणारे अँजिओटेन्सिन वाढले तरी त्याला दाद देत नाहीत, म्हणून मधल्या महिन्यांत दाब उतरतो व दिवस भरत येताना पुन्हा मूळ पातळीकडे येतो.

हे कळल्यामुळेच बत्तिसाव्या आठवड्यातला १२८/८४ हा आकडा मला खटकला. दुसऱ्या एका दवाखान्यात तो 'नॉर्मल' म्हणून सोडून देण्यात आला, आणि तसा तो होताही; परंतु माझ्या स्वतःच्या बाविसाव्या आठवड्यातल्या आकड्यापेक्षा वरचा दाब २६ ने चढला होता. मी दंडावर बांधायचे यंत्र घेतले आणि सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून येणारे आकडे वहीत लिहू लागले. ठाणे स्टेशनचा जिना चढून आल्यावर लगेच घेतलेला आकडा खोटाच येतो, हे दोन दिवसांत लक्षात आले.

चौतिसाव्या आठवड्यात १४४/९४ आले आणि चार तासांनी १४२/९२. चोवीस तासांची लघवी साठवून तपासल्यावर तीत ४१० मिलिग्रॅम प्रथिने निघाली. मर्यादा ३०० ची असते. निदान झाले प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात दाब चढण्याचा आजार. या आजारात गर्भाशयाच्या भित्तीतील, वारेला (प्लॅसेंटाला) रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या पुरेशा रुंदावलेल्या नसतात, आणि मग वारेतून सुटणारे घटक आईच्या सगळ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. लॅबेटॅलॉलच्या गोळीने दाब आटोक्यात राहतो, पण मूळ आजार वार बाहेर पडेपर्यंत हटत नाही, हे ऐकून मी फार घाबरले. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगडीखाली उजवीकडे दुखणे किंवा १६०/११० चा आकडा, यांपैकी काहीही झाले तर रात्री-अपरात्रीही थेट रुग्णालयात यायचे, असे डॉक्टरबाईंनी मला आणि यजमानांना समोर बसवून बजावले.

सदतिसाव्या आठवड्यात कळा आणण्याचे औषध देऊन प्रसूती झाली. मुलगी सुखरूप होती, त्यामुळे आता सुटलो असे घरात सगळ्यांना वाटले. पण चौथ्या दिवशी माझा दाब १५२/९८ झाला. प्रसूतीनंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत तो पुन्हा चढू शकतो, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. गोळी सहाव्या आठवड्यापर्यंत चालली. बाराव्या आठवड्यात दाब १२०/७८ आला, लघवीतील प्रथिनेही गेली, आणि डॉक्टरबाईंनी दरवर्षी बीपी तपासण्याची सूचना फाइलवर लिहून दिली.