फ्लेमला सॉफ्टवेअर मारताना

सोलापूरच्या नवी पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ‘सॉफ्टवेअर मारणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. फोन सारखा बंद पडू लागला किंवा लोगोपाशी अडकला, की त्याला सॉफ्टवेअर मारायचे. माझा ‘फ्लेम’ नावाचा फोन घेऊन मी तिथे गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने तो उलटसुलट करून पाहिला आणि “सर, ही कंपनी कुठली? ह्याची फाइल आमच्याकडं नाही बघा,” असे म्हणून परत दिला. त्याचा काही दोष नव्हता. फायरफॉक्स ओएस या मोबाइलच्या कार्यप्रणालीसाठी ॲप लिहिणाऱ्यांना चाचणीसाठी हाताशी असावा म्हणून फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०१४ मध्ये आणलेला हा १७० डॉलरचा फोन त्याच्या दुकानात कधी येण्याचा संभवच नव्हता.

चाचणीचा फोन म्हणून त्यात एक मोठी सोय होती. एक जीबी रॅमपैकी किती रॅम वापरात ठेवायची, हे संगणकावरून ‘फास्टबूट ओईएम मेम’ ही आज्ञा देऊन ठरवता येई आणि ती २५६ एमबीपर्यंत खाली आणता येई. त्याच वर्षी भारतात आलेल्या इंटेक्स क्लाउड एफएक्समध्ये अवघी १२८ एमबी रॅम होती, तेव्हा अशा स्वस्त फोनवर आपले ॲप कसे धापा टाकेल, याचा थोडाफार अंदाज घरबसल्या येत असे.

फोन बिघडवला होता मात्र मीच. फायरफॉक्स ओएसची रचना तीन थरांची होती: तळाशी गॉन्क, म्हणजे लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि हार्डवेअरशी बोलणारा भाग; त्यावर गेको, हे वेबपाने दाखवणारे फायरफॉक्सचेच इंजिन; आणि सर्वांत वर गाया, म्हणजे पडद्यावर दिसणारे सगळे, जे एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असे. वरचे दोनच थर बदलणे झटपट होत असल्याने बहुतेक जण तेवढेच बदलत, आणि मीही तेच केले. पण फ्लेमचा तळ मध्यंतरी अँड्रॉइडच्या जेली बीन या आवृत्तीवरून किटकॅट या पुढच्या आवृत्तीवर नेला गेला होता, याकडे मी दुर्लक्ष केले. जुन्या तळावर नवे थर बसले आणि फोन कोल्ह्याच्या चित्रापाशी थांबला, तो कपाटात पडेपर्यंत थांबलेलाच राहिला.

आता तळासकट सर्व लिहायचे, तर मूळ इमेज, म्हणजे फोनच्या पूर्ण सॉफ्टवेअरची फाइल, हवी. सुदैवाने तिच्या ‘व्ही१८डी’ या आवृत्तीची झिप जुन्या हार्ड डिस्कवर होती. आवाज कमी करण्याचे बटण आणि पॉवर बटण एकत्र दाबून फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून सॉफ्टवेअर लिहून घेण्याच्या अवस्थेत, नेला, तर लॅपटॉपला तो दिसेना. जोडलेले उपकरण ओळखण्यासाठीचा लिनक्समधला यूडेव्हचा नियम पुनःपुन्हा तपासला, त्यातला चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचा ०५सी६ हा ओळख क्रमांक तीनदा वाचला, आणि दोन तासांनी लक्षात आले की केबल नुसती चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाच्या तारा नाहीतच. एवढ्या वेळात निदान जेवण तरी झाले असते.

दुसऱ्या केबलने काम सुरू झाले. सिस्टीमचा भाग लिहिला जात असताना शेजारचे माग एकदम थांबले, म्हणजेच लाइट गेली. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीवर अकरा मिनिटे उरली होती. सिस्टीम लिहिताना खंड पडला तरी पुन्हा लिहिता येते. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, लिहिताना पडला तर मात्र फोनची वीट होऊ शकते, म्हणजे तो पुन्हा सुरूच होत नाही, आणि तो टप्पा आटोपला आहे की नाही, हे मी स्क्रिप्टमध्ये आधी पाहून ठेवले नव्हते. माग पुन्हा सुरू होण्याच्या आत फोन आपोआप रीस्टार्ट झाला.

त्यातले जुने फोटो अर्थातच गेले. घड्याळ १९७० दाखवत असल्याने वाय-फाय जोडूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडेनात, कारण त्यांची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांना मुदत असते. तारीख दुरुस्त केल्यावर काही उघडली. उरलेल्यांपैकी पुष्कळ लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे वापरतात, ज्यांना आधार देणारे जुने मूळ प्रमाणपत्र सप्टेंबर २०२१ मध्ये संपले, आणि नवे या फोनला ठाऊकच नाही. ज्या फोनचे अंतरंगच वेबचे, त्याला वेबच अर्धे बंद.

एफएम रेडिओला प्रमाणपत्र लागत नाही. इअरफोनची वायर अँटेना म्हणून जोडली, ती खिडकीच्या गजाला गुंडाळली, आणि थोड्या खरखरीनंतर आकाशवाणी सोलापूर लागले. आता तो फोन स्वयंपाकघरात असतो.