पांढऱ्या प्रकाशातल्या फ्रिंजेस

मायकेल्सन इंटरफेरोमीटर प्रकाशाचा झोत दोन वाटांनी पाठवतो आणि आरशांवरून परत आणून एकत्र करतो; तेव्हा उमटणारे उजेड-अंधाराचे पट्टे म्हणजे फ्रिंजेस. सोडियमच्या दिव्यात त्या कुणालाही दिसतात. पांढऱ्या प्रकाशात त्या दोन्ही वाटा जवळजवळ समान असल्या तरच दिसतात, म्हणून तिथे दाखवायच्या म्हटल्या की भल्याभल्यांची दमछाक होते.

आमचं कॉलेज सांगलीत, अगदी रस्त्याला लागून. गळीत हंगाम ऐन भरात होता. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला की फ्रिंजेस पुसल्यासारख्या नाहीशा व्हायच्या. एम.एस्सी.ची तासगावची एक मुलगी सकाळपासून त्याच प्रयोगाला चिकटून बसली होती. सोडियममध्ये फ्रिंजेसचा बाक जिथे उलटा फिरतो, तिथेच कुठेतरी दोन्ही वाटा समान होतात. तिथे साधा बल्ब लावायचा आणि आरसा सरकवणारा स्क्रू अगदी सावकाश, एकाच दिशेने फिरवायचा, एवढं तिला सांगून ठेवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मामा लॅबला कुलूप लावायला आले आणि आतून हाक आली, "मॅडम, रंग!" मी धावले. मध्ये एक काळी रेघ, दोन्ही अंगांना जांभळ्या, हिरव्या, गुलाबी किनारी आणि चार-पाच पट्ट्यांनंतर सगळं पांढरं. स्क्रू जरा हलला की संपलं.

"पण मॅडम, हे इतकं नाजूक शोधायचं कशासाठी?"

मी फळ्यावर 100 मीटर अंतरावर दोन दुर्बिणी काढल्या. तारा तिरका असला की त्याचा प्रकाश एकीत आधी पोचतो, दुसरीत उशिरा. आधी आलेल्या प्रकाशाला रुळांवरच्या आरशांच्या गाडीवरून लांबचा फेरा घालायला लावतात. फ्रिंज दिसली की वाटा समान झाल्या. मग गाडी कुठे आहे ते लेसरने मोजायचं. दोन दुर्बिणींमधलं अंतर नेमकं ठाऊक असलं, की ताऱ्याची दिशा त्यावरून निघते.

तिने लगेच कॅल्क्युलेटर काढला. तारा आर्कसेकंदाच्या (म्हणजे अंशाच्या 3600व्या भागाच्या) हजाराव्या भागाइतका सरकला, तर मार्गात फरक पडतो 0.48 मायक्रोमीटर. "म्हणजे जवळजवळ एक फ्रिंज!" ती खुर्चीतून उठलीच. बरं, गाडीला एका जागी थांबताही येत नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे 100 मीटरला हा फरक सेकंदाला 7 मिलिमीटरपर्यंत बदलू शकतो, आणि तेवढ्या धावपळीत फ्रिंज हातची जाऊ द्यायची नाही. ही माणसाच्या कारागिरीची कमाल आहे, असं मला मनापासून वाटतं.

"आणि हवेचं काय?" असं म्हणत तिने एका आरशासमोर, प्रकाशाच्या वाटेखाली तळहात धरला. ऊब चढली तसे पट्टे फुगले, वाकले. दुर्बिणीवरची हवा हेच करते, फक्त कितीतरी जोरात. उपाय असा, की शेजारचा तेजस्वी तारा धरायचा, त्याच्या फ्रिंजेस बघून गाडी क्षणाक्षणाला सावरायची आणि मोजायची ती दोघांमधली तफावत. हवा दोघांनाही जवळपास सारखीच हलवते, म्हणून तफावतीतून बरीचशी वजा होते. चिलीतल्या पारानाल इथे 8.2 मीटरच्या चार दुर्बिणी जोडून 'ग्रॅव्हिटी' हे उपकरण इन्फ्रारेडमध्ये असंच काम करतं. आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवती 16 वर्षांत फेरी मारणारा एस2 तारा मे 2018 मध्ये त्याच्या अगदी जवळून गेला, तेव्हा त्याची जागा याच उपकरणाने टिपली होती.

आमच्याकडे हा प्रयोग तरंगलांबी काढली की संपतो. ते मला पटत नाही. माझ्या बॅचला आता 100 मीटरचं हे गणितही जर्नलमध्ये लिहायला लावते.