लिथियम वाटेतच फुटलं तर?

"सर, तुमच्या फ्युजनमुळे एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी कधी थांबणार?" नाशिकमध्ये मला हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: माझं काम फ्युजनचंच, म्हणजे दोन अणुकेंद्रं एकमेकांत मिसळण्याचं, पण त्याचा विजेशी काही संबंध नाही. वीजवाल्यांचं फ्युजन ड्युटेरियम-ट्रिटियम या जड हायड्रोजनांचं, पंधरा कोटी अंशांचं. ड्युटेरॉन (ड्युटेरियमचं केंद्र, एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन) तसा सैलच, पण तो फोडायला 2.22 एमईव्ही (अणुकेंद्रांच्या ऊर्जेचं माप) लागतात आणि त्या उष्णतेतही कणांकडे त्याच्या शतांशाइतकीच ऊर्जा असते. तिथे फुटण्याची भीती नाही.

आमचं दुखणं वेगळं. मुंबईत कुलाब्याला असलेल्या पेलेट्रॉनसारख्या, अणुकेंद्रांना वेग देणाऱ्या यंत्रातून लिथियम-6 बिस्मथवर सोडायचं. एरवी अणुकेंद्रातून एक न्यूट्रॉन उपटायला सात-आठ एमईव्ही लागतात. लिथियम-6 मात्र 1.47 एमईव्हीतच अल्फा (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) आणि ड्युटेरॉन असं दुभंगतं. बिस्मथजवळ पोचता पोचता ते फुटलं, तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर गर्दीत अर्धं कुटुंब बसमध्ये चढावं आणि अर्धं खाली राहावं, तशी गत होते.

कोण चढलं हे कळतं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. बिस्मथ 83 प्रोटॉनचं. अख्खं लिथियम शिरलं की 86, म्हणजे रेडॉन. नुसता अल्फा शिरला तर अ‍ॅस्टाटिन, नुसता ड्युटेरॉन शिरला तर पोलोनियम. ही पोरं पुढे ठरावीक ऊर्जेचे अल्फा सोडतात, त्यावरून मोजदाद होते. कुलंब अडथळ्याच्या, म्हणजे दोन धनभारित केंद्रांच्या परस्पर ढकलण्याच्या, वरच्या ऊर्जांना पूर्ण फ्युजन (अख्खं लिथियम शिरणं) अपेक्षेपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतं. लिथियम-7 जरा घट्ट, अल्फा आणि ट्रिटॉन (एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) असं फुटायला त्याला 2.47 एमईव्ही लागतात, तिथे घटही थोडी कमी. अडथळ्याच्या खाली चित्र पालटतं, पण त्यावर एकमत नाही, म्हणून ते सोडतो.

मग या घटीचा दोष फुटण्याचाच? विद्यार्थ्यांना तसंच शिकवलं जातं, मला ते पुरतं पटत नाही. लिथियम-7 कधी कधी बिस्मथचा एक प्रोटॉन उचलून बेरिलियम-8 होतं, आणि ते दोन अल्फांत फुटतं. पण मूळ (सगळ्यात कमी ऊर्जेच्या) अवस्थेतलं बेरिलियम-8 टकरीच्या वेळेपेक्षा हजारो पटींनी जास्त टिकतं. ते फुटेपर्यंत बिस्मथ कधीच मागे पडलेलं असतं, त्यामुळे फ्युजनचं गणित ते बिघडवूच शकत नाही. 2019 मध्ये कॅनबेराच्या गटाने लिथियम-7वर दाखवलं, की तिथलं बरंचसं पोलोनियम आधी फुटून नव्हे, तर ट्रिटॉन थेट बिस्मथकडे गेल्यामुळे तयार होतं. माझं मत आता त्याच बाजूला झुकलंय.